पाऱ्याच्या पेटीची साक्ष

मी बीपीची पेटी बोलते आहे. पुस्तकात माझे नाव रक्तदाबमापक असे छापलेले आहे आणि तेच शुद्ध आहे. परंतु मोहाडी तालुक्यात त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. राखाडी रंगाची, हातभर लांबीची मी पेटी. झाकण उघडले की आतली काचेची नळी ताठ उभी राहते. नळीत पारा आहे. तिच्या कडेने शून्यापासून तीनशेपर्यंत आकडे आहेत आणि दोन-दोनांच्या अंतराने बारीक रेघा आहेत. या रेघांविषयी मला पुढे काही सांगायचे आहे, म्हणून त्या आताच ध्यानात ठेवाव्यात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्या नळीत पारा ओतला, मला एका प्रमाण यंत्राशेजारी उभे केले आणि दोघींचे आकडे ताडून पाहिले. पहिल्या दिवशी मी चार अंश कमी दाखवले. त्याने मला नापास केले. दुसऱ्या दिवशीही केले. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने माझ्या पाठीवर तपासल्याची चिठ्ठी डकवली. माझ्या स्वभावातल्या काटेकोरपणाचे मूळ त्या दोन नापासांत असावे.

माझी पहिली मालकीण कौशल्याबाई. आंधळगावच्या बाजूच्या सात-आठ खेड्यांची ती नर्सबाई होती. सायकलच्या कॅरियरवर मला सुतळीने बांधून ती बांध्यांच्या धुऱ्यांवरून हिंडत असे. बांधी म्हणजे इकडचे धानाचे शेत आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. चाक घसरले की ती स्वतः चिखलात पडे, पण मला वर धरी.

तिचे नियम ठरलेले होते. बाईने आधी पाच मिनिटे गप्प बसायचे. दंड उघडा हवा. हात काळजाच्या पातळीवर, कशावर तरी टेकलेला हवा. दुसरे काही नसेल तर ती उलटे घमेले ठेवी. आणि मोजायचे दोनदा.

"नर्सबाई, जल्दी करा ना. पऱ्हे सुकून राहिले," एखादी बाई कुरकुरे. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी उपटलेली धानाची रोपे.

"पऱ्हे पाण्यात आहेत. सुकून तू राहिली. बस," कौशल्याबाई म्हणे.

सत्तावीस वर्षे आम्ही दोघींनी अशी काढली. मग बाई निवृत्त झाली आणि बटण दाबताच आकडा दाखवणारी नवी यंत्रे आली. मी कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली, डांबरगोळ्यांच्या वासात जाऊन पडले. पाच वर्षे माझा पारा शून्याच्या वर चढला नाही.

गावच्या शाळेत नववी-दहावीला आरोग्यसेवा हा विषय सुरू झाला, तेव्हा कौशल्याबाईने मला बाहेर काढले, पुसले आणि स्वतः शाळेत नेऊन दिले. "हिले खेळणं समजू नका," एवढेच ती म्हणाली.

विषय शिकवायला कामिनी मॅडम होत्या. वय तिशीच्या आतले, आवाज गोड आणि नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. त्यांच्या खोलीत कागदी लगद्याची फुप्फुसे होती, एक पाय निखळलेली रबरी पुतळी होती, आणि बत्तीस मुलांमध्ये धड असलेला स्टेथोस्कोप एकच होता. मॅडम मन लावून शिकवीत. जखम कशी बांधावी, आजारी माणसाला कुशीवर कसे वळवावे, हात किती वेळ धुवावेत, हे त्यांच्या मुलांना खरोखर येत असे. घोटाळा झाला तो माझ्या बाबतीत.

निरोगी माणसाचा दाब एकशे वीस-ऐंशी असतो, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले. पुढे प्रात्यक्षिकाच्या वहीत एका मुलाने स्वतःचा दाब शहाण्णव-साठ असा लिहून आणला. मॅडम म्हणाल्या, "परीक्षक विचारतील, हा इतका कमी कसा? मग तू काय सांगशील? नॉर्मल लिही. प्रश्नच येत नाहीत."

त्या दिवसापासून बत्तीस वह्यांत एकच आकडा आला. मुले पट्टा गुंडाळीत, रबरी फुगा दाबून पारा चढवीत, तो उतरताना पाहत आणि एकशे वीस-ऐंशी लिहीत. पट्टाही गणवेशाच्या बाहीवरूनच. मुलींनी बाह्या वर कशाला करायच्या, अशी मॅडमची समजूत. बत्तीस मुलांची हृदये एकाच तालात चालतात, असे त्या वह्यांचे म्हणणे होते. मला उघडले नसते तरी चालले असते. अपमान याहून निराळा काय असतो?

त्या वर्गात खुशबू नावाची मुलगी होती. अंगाने काटकुळी, बोलणे मोजके. एकदाच तिने स्टेथोस्कोप नीट कोपराच्या खोबणीत ठेवला आणि तिला तो ठोका ऐकू आला. तिचे डोळे विस्फारले.

"मॅडम, मले आवाज एकशे दहावर आला."

"छान. एकशे वीस लिही."

तिने लिहिले. हेही मी सांगितले पाहिजे, कारण साक्ष अर्धी देऊ नये.

खुशबूच्या आईने, कुंताबाईने, तिला बजावलेले होते, "नर्स होशील तं शीक. नाही तं दहावीनंतर पऱ्हे उपटाले ये." या विषयावर त्या मुलीचे पुढचे सगळे शिक्षण टांगलेले होते. आणि तो विषयच यंदा टांगणीला लागला होता. जिल्ह्याहून तपासणीचे साहेब यायचे होते; त्यांना काम पसंत पडले तर विषय राहणार होता, नाही तर पुढल्या वर्षी बंद. मुख्याध्यापक हेमराज सरांनी ही गोष्ट वर्गात येऊन दोनदा सांगितली.

साहेबांना दाखवण्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात गावातल्या बायांची आरोग्य तपासणी ठेवली. दिवस ऐन रोवणीचे, म्हणजे धान लावण्याचे. सकाळी बांधीत उतरलेल्या बाया अकरा वाजता तशाच आल्या. पाय पोटरीपर्यंत चिखलाचे, लुगड्यावर नवऱ्याचा नाही तर मुलाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. धानाचे पाते कापते आणि ऊन भाजते, म्हणून इकडच्या बाया शर्ट घालूनच रोवणी करतात.

मला टेबलावर उभे केले होते. दाब मोजायला अमर बसला होता. वर्गातला हुशार मुलगा, अक्षर सुरेख, हालचाल चटपटीत. कार्ड लिहायला खुशबू. साहेब चार हातांवर खुर्ची टाकून वह्या चाळीत होते.

अमर शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळी. दीडशेपर्यंत पारा नेई, सोडून देई. "एकशे वीस, ऐंशी." पुढची बाई. "एकशे वीस, ऐंशी." खरे वाटावे म्हणून मधूनच, "एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर."

रुखमा नावाची म्हातारी हसून म्हणाली, "काहो डॉक्टरसाहेब, सुनेचाही तेवढाच अन् माहाही तेवढाच? सासू-सुनेचं जमलं म्हणा की मंग."

बाया हसल्या. अमरही हसला आणि त्या भरात म्हणाला, "आजी, तुमचा एकशे एकोणीस."

खुशबूचे पेन थबकले. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्यावर रेघा दोन-दोनांच्या आहेत. एकशे अठराची रेघ आहे, एकशे वीसची आहे. एकशे एकोणीसची नाहीच. तिने क्षणभर ओठ आवळले आणि मान खाली घालून एकशे एकोणीस लिहिले.

ते तेविसावे कार्ड होते.

चोविसावी बाई खुशबूची वहिनी निघाली. रिता तिचे नाव. आठवा महिना सरत आला होता. पहिलीच खेप. अंगात नवऱ्याचा निळा शर्ट, पोटावर बटणे न लागलेला. नवरा लाखनीला हायवेवरच्या दुकानात कामाला. महिन्याने घरी येणारा. मागे सासू कुंताबाई उभी होती. रिता खुर्चीची पाठ धरून हळूच बसली.

"डोकं लय ठणकून राहिलं वं सकाळपासून," ती खुशबूला म्हणाली. "डोळ्यापुढं काजवे चमकल्यावानी होते."

"वाकून वाकून होत असन," कुंताबाई म्हणाली. "आमाले नाही झालं का?"

खुशबूची नजर खाली गेली. रिताच्या पायांवरचा चिखल वाळला होता आणि त्याला भेगा पडल्या होत्या. बोटांतली जोडवी मासात रुतली होती, इतकी की चांदी जेमतेम दिसत होती.

अमरने पट्टा गुंडाळला. पारा दीडशेवर नेला. सोडला.

आता मी जे केले ते सांगते. मला वाचा नाही. समोरच्याचे रक्त ज्या जोराने धडका देते, त्या जोराने माझा पारा उड्या घेतो, एवढेच माझे बोलणे. एरवी पारा काहीसा खाली उतरल्याशिवाय या उड्या नजरेत भरत नाहीत. रिताच्या दंडावर मी दीडशेलाच थरथरू लागले आणि शंभरापर्यंत तशीच उडत आले. मला आणखी काहीच करता येत नव्हते. कुणीतरी पाहावे, एवढीच इच्छा.

"एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर," अमर म्हणाला.

खुशबूने पेन खाली ठेवले.

"लिही ना," अमर म्हणाला.

"तुले आवाज आला का?"

"कोणता आवाज?"

रांग थांबलेली पाहून कामिनी मॅडम लगबगीने आल्या. खुशबू उठून उभी राहिली. "मॅडम, हा आकडा मी लिहीत नाही. चुकला आहे."

मॅडमनी साहेबांकडे चोरटी नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला. "आत्ता नको, बेटा. साहेब गेले की आपण पुन्हा मोजू."

"तोवर वहिनी बांधीत असन."

"खुशबू, हा एक चुकला म्हटलं तर आधीच्या तेवीस कार्डांचं काय सांगू मी?"

"तेही चुकले, मॅडम."

कुंताबाई पुढे आली. "काय चालून राहिलं व? धुऱ्यावर पंधरा बाया खोळंबल्या. चाल वं रिते."

"आई, पाच मिनिटं," खुशबू म्हणाली. "फक्त पाच. आत खोलीत."

"शाळा शिकून मलेच थांबवते का?"

खुशबूने मला उचलून छातीशी धरले, अमरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला आणि रिताचा हात धरून ती आत गेली. लुगड्यांच्या घडीखालून मी बाहेर आले, तेव्हापासून इतक्या घट्ट हाताने मला कुणी धरले नव्हते.

पुस्तकात लिहिले होते तसे तिने सगळे केले: रिताचा शर्ट उतरवला. पाठ भिंतीला टेकवून बसवले. टेबलावर वह्यांची चळत रचून त्यावर हात ठेवला. "बोलू नको, वहिनी." भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. दारात कुंताबाई पुटपुटत होती. बाहेर साहेबांनी काहीतरी विचारल्याचे आणि हेमराज सरांनी लांबलचक उत्तर दिल्याचे ऐकू येत होते. पाच मिनिटे एवढी मोठी असतात, हे मीही विसरून गेले होते. रिताने दोनदा डोळे मिटले. खुशबूच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर आला, तरी तिने तो पुसला नाही.

मग तिने नाडी चाचपली, पट्टा बांधला आणि पारा दोनशेवर नेला. अगदी सावकाश सोडला.

एकशे बहात्तरला पहिला ठोका आला. एकशे चौदाला शेवटचा.

तिने पट्टा सैल केला, मनाशी काही मोजले आणि पुन्हा चढवले. एकशे सत्तर. एकशे बारा.

"मॅडम," ती दाराकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही मोजा."

मॅडमनी स्टेथोस्कोप कानांना लावला. वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदाच खरेपणाने ऐकले. पारा उतरत गेला तसे त्यांचे डोळे भरत गेले. आठवा महिना, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, सूज आणि हा आकडा. या सगळ्याचा अर्थ त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलेला होता. झटका येऊ शकतो. आई जाऊ शकते, मूलही.

"हिला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"दोन बांध्या उरल्या आहेत. संध्याकाळी पाहू," कुंताबाई म्हणाली, पण आवाजातला जोर ओसरला होता.

"संध्याकाळ नाही, मावशी. आत्ता."

गाडी शाळेच्या आवारात एकच होती आणि ती साहेबांची होती. कामिनी मॅडम व्हरांड्यात गेल्या. उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. साहेबांच्या हातात चहाची बशी होती.

"साहेब, आत एक गरोदर बाई आहे. दाब एकशे सत्तरच्या वर आहे. तुमची गाडी हवी."

साहेबांनी टेबलावरची कार्डे उचलली. "इथे तर सगळ्या नॉर्मल दिसून राहिल्या."

मॅडमनी पदराचे टोक मुठीत धरले. मला वाटले, आता त्या काहीतरी गोड सांगतील. "सकाळपासूनची तेवीस कार्डं खोटी आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "मुलांचा दोष नाही. नॉर्मल लिहा, असं मीच शिकवलं. हा एकच आकडा खरा आहे आणि तो त्या मुलीनं घेतला."

हेमराज सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी बशी खाली ठेवली आणि ड्रायव्हरला हाक मारली.

रिताला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर निजवले. कुंताबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. खुशबू चढू लागली तेव्हा मॅडमनी तिला अडवले. "मी जाते हिच्यासोबत. तू थांब. तेवीस बाया पुन्हा मोजायच्या आहेत." खुशबूने वहिनीकडे पाहिले, मॅडमकडे पाहिले, आणि ती मागे सरली.

बाया बांध्यांत परतल्या होत्या. खुशबूने मला सायकलच्या कॅरियरवर ठेवून दुपट्ट्याने बांधले. अमर कार्डे घेऊन मागून आला. वाटेत तो म्हणाला, "तुले खरं सांगू? मले आवाज कधी आलाच नाही. नववीपासून."

"मंग बोलला काहून नाही?"

"कोणीच बोलत नव्हतं. मले वाटलं, सगळ्याईले येत असन, माहाच कान बाद आहे."

धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली तिने उलट्या घमेल्यावर माझ्यासमोर पहिल्या बाईचा हात ठेवला. तिला हे कुणी शिकवले नव्हते. घमेलेच हाताशी होते. एका बाईच्या वेळी तिने स्टेथोस्कोप अमरच्या कानात घातला आणि त्याचे टोक कोपराच्या खोबणीत नेमके टेकवले. अमरचे तोंड उघडेच राहिले. मग तो सगळा वेळ खाली मान घालून जे तिने सांगितले तेच लिहीत राहिला.

संध्याकाळपर्यंत अठरा बाया झाल्या, उरलेल्या पाच दुसऱ्या दिवशी. रुखमा म्हातारीचा दाब एकशे चौसष्ट निघाला. "बघा," ती म्हणाली, "सुनेच्या वर आहो मी."

दोन दिवसांनी भंडाऱ्याहून निरोप आला. शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगी झाली, इतकी लहान की तिला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. रिता शुद्धीवर होती. जोडवी तेवढी कापून काढावी लागली. कुंताबाई परत आली, ती सरळ शाळेत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिने माझ्या झाकणावरचा चिखल पदराने पुसला. दहावीनंतरच्या पऱ्ह्यांची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

साहेबांच्या अहवालात काय होते ते शाळेला पत्रातून कळले. नोंदी विश्वासार्ह नाहीत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि मॅडमकडून लेखी खुलासा मागवला. विषयाला मात्र एक वर्षाची मुदत दिली. मॅडमनी खुलाशात एकही सबब लिहिली नाही. वर्गातल्या वह्यांत आता नाना आकडे दिसतात. अमरच्या स्वतःच्या पानावर एकशे बत्तीस आहे आणि परीक्षकांनी विचारले तर काय सांगायचे, हे त्याला ठाऊक आहे.

माझा मुक्काम मात्र संपला आहे. माझ्या नळीला टोपणाजवळ बारीक तडा गेला आहे आणि पारा हे विष आहे. पाऱ्याची उपकरणे शाळेत ठेवू नयेत, असे पत्र आले आहे. ते योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उद्या मला बंद पिशवीत घालून नेतील.

काल कौशल्याबाई निरोप घ्यायला आली. पिशवीची तयारी पाहून तिने हात पुढे केला. "शेवटचं माहंच मोज," ती खुशबूला म्हणाली. खुशबूने तिला पाच मिनिटे गप्प बसवले. बाही वर सरकवली. पारा चढवला, उतरवला.

"किती आला?" कौशल्याबाईने विचारले. "एकशे तीस असन. लिहून टाक."

"थांबा, नर्सबाई," खुशबू म्हणाली. "अजून एकदा मोजते."

कौशल्याबाईला हेच ऐकायचे होते. तिने हात तसाच टेकवून ठेवला आणि मी माझा पारा पुन्हा वर नेला.

मुलांनो, माझ्यानंतर तुमच्या टेबलावर नवे यंत्र येईल. ते आकडा आपणहून दाखवील, तुम्हाला कान लावावा लागणार नाही. तरीही दंड उघडा करा, माणसाला पाच मिनिटे द्या, आणि जे घडले नाही ते लिहू नका. एवढे केलेत तर माझी रजा आनंदाची आहे.